दुसऱ्या फेकीला इसिल्मा कुठे होती

सराव शिबिर, कॅनडा
११ जुलै

प्रिय मामा,

पोचले. विमानात मला ओकारी होणार अशी टायरेलच्या दुकानात ज्यांनी पैज मारली होती, त्यांना सांग, हरलात. ओकारी झाली ती आमच्या प्रेस्कॉड सरांना. संघाचे व्यवस्थापक म्हणून कोट घालून बसले होते बिचारे, तो कोट आता धुवायला टाकलाय.

या खेळांना आपल्या देशाचे आम्ही सगळे मिळून सातजण. चार पोरी शंभर मीटर पळणाऱ्या, दोन सायकलवाले भाऊ आणि भाला घेऊन मी. अख्खा देश जेवायला बसतो तेव्हा एका टेबलावर मावतो. शेजारच्या टेबलावर सेंट हेलेनाचे तिघे असतात, नेमबाज. त्यांच्या बेटावर विमान उतरत नाही, म्हणून आधी कितीतरी दिवस जहाजात काढून ते आलेत. मी विचारलं, इतके दिवस बंदुकीचा सराव कसा केलात? त्यातला म्हातारा म्हणाला, "समुद्रावर नेम धरला की चुकणं कठीण." तू इथे असतास तर त्याच्याशी दिवसभर बोलत बसला असतास.

जेवण भरपूर आहे, पण चव शोधावी लागते. माशाचा तुकडा चौकोनी असतो. कुठला मासा म्हणून वाढणारीला विचारलं, तर तिलाच माहीत नव्हतं! मला आपल्या बेटावरच्या तुरीची आणि भाजलेल्या नीरफणसाची फार आठवण येते.

एक गोष्ट तुला निघताना सांगितली नव्हती. मी येतेय असं आईला कळवलंय. सतरा वर्षं झाली, मामा. फोटोतली आई आता माझ्या वयाची दिसते. ती प्रत्यक्षात कशी दिसते ते मला बघायचंय. रागावू नकोस.

तुझी,
इसी

*

पॅजेट फार्म, बेक्वे
२२ जुलै

इसी,

पत्र पोचलं. दुकानात दोनदा वाचून दाखवावं लागलं, कोट धुतल्याचा भाग तीनदा.

आता माझ्या प्रश्नांची नीट उत्तरं दे, नेहमीसारखी टाळू नकोस. तिथला भाला आतून पोकळ आहे की भरीव? बोटाच्या गाठीनं वाजवून बघ आणि आवाज कसा येतो ते कळव. जड बाजू कुठे आहे? इथे मी तुला देवदाराचा करून दिला होता तो पुढून जड होता, आणि मला अजून वाटतं की तेच बरोबर होतं. जमीन कसली आहे? कॅनडातली माणसं होड्या कशाच्या करतात? तळं असेल तर जाऊन बघ, आणि फळ्या एकमेकींवर चढवलेल्या आहेत की कडेला कड, तेवढं बघून ये.

माझी नवी होडी कण्यापर्यंत आली आहे. ऑगस्टात बरगड्या बसवीन. या वेळी लाकूड चांगलं मिळालंय, वासच सांगतो.

डेल्फियाला भेट. माझी सख्खी बहीण आहे, मी कशाला रागावू? पाच वर्षांची तू माझ्या कमरेला धरून धक्क्यावर उभी होतीस आणि ती बोटीत चढली, ते मी विसरलेलो नाही. पण नोकरीसाठी गेली, मौजेसाठी नाही. तिला माझा निरोप सांग. नको, राहू दे. तब्येत कशी आहे तेवढं विचार, तुझ्याच तोंडानं.

भाला सोडताना मान वाकडी करू नकोस.

मामा

*

क्रीडाग्राम, कॅनडा
३ ऑगस्ट

प्रिय मामा,

पोकळ आहे. वाजवला तर पाण्याच्या रिकाम्या नळासारखा वाजतो. जड बाजू पकडीच्या किंचित पुढे, म्हणजे तू जिंकलास. तळ्यावर गेले होते. होड्या कसल्यातरी प्लास्टिकसारख्या, त्यांना फळीच नाही. साच्यातून काढतात म्हणे, केकसारख्या. तुला हे वाचून त्रास होणार हे माहीत आहे, पण तूच विचारलंस.

काल सगळ्या देशांची मिरवणूक निघाली. आमच्या पुढचा देश संपता संपत नव्हता, दोनशे माणसं असतील. मग आम्ही सात आणि प्रेस्कॉड सर. माझ्या हातात झेंडा दिला, कारण उंच मी एकटीच. वारा सुटला होता. आपल्याकडे शीड धरतो तसा तो कमरेला टेकवून धरला, म्हणून हलला नाही. लोकांनी आम्हाला टाळ्या मात्र दणकून दिल्या. का ते मला कळलं नाही. फार लहान पोर एकटंच नाचलं की देतात, तशा असाव्यात.

आई आली. टोरांटोहून तीन दिवस गाडीत बसून आली. फाटकापाशी वीस-पंचवीस माणसं उभी होती, पण मी तिला पाठमोरीच ओळखलं. तुझ्यासारखीच उभी राहते, एका पायावर भार टाकून. पुढे जाऊन तिच्यासमोर उभी राहिले. मग ती म्हणाली, "जेवलीस का?" मी म्हटलं, "दोनदा." मग दोघी हसलो आणि बरं वाटलं. तब्येत चांगली आहे. एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात मुख्य आहे आता. तू काय करतोस, केस पिकले का, अजून रागावला की शिट्टी वाजवतोस का, असलं सगळं विचारत होती.

एक विचारू? मी नऊ वर्षांची असताना तिचं तुला एखादं खास पत्र आलं होतं का? ती काहीतरी बोलायला लागली आणि मध्येच थांबली. मी खोदून विचारलं, तर म्हणाली, मामालाच विचार.

माझी पात्रता फेरी ९ तारखेला संध्याकाळी आहे. तीन फेका मिळतात. रेडिओ लावा.

तुझी,
इसी

*

पॅजेट फार्म, बेक्वे
१४ ऑगस्ट

इसी,

अक्षर बघून चकित होऊ नकोस. माझा चष्मा हरवलाय, म्हणून शाळेतल्या युनीस बाईंना लिहायला बसवलंय. मी सांगतो, त्या लिहितात. बाई, सगळंच लिहू नका, कामाचं तेवढं लिहा. हेही लिहिलंत का?

९ तारखेला टायरेलच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. रेडिओ फळीवर, आणि त्याच्याखाली सगळं गाव. नाव घेतलं तेव्हा असा आरडाओरडा झाला की पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही. मग टायरेलनं सगळ्यांना गप्प केलं. पहिली फेक, इसिल्मा हेझल, बाद. ठीक आहे म्हटलं, दोन आहेत अजून. मग बराच वेळ दुसऱ्यांचीच नावं. मग तो माणूस म्हणाला, "दुसरी फेक, हेझल. हेझल मैदानात दिसत नाही." थोड्या वेळानं म्हणाला, "हेझल गैरहजर." आणि मग क्रिकेटचा धावफलक सुरू केला! टायरेलनं रेडिओ हलवला, आपटला, काही उपयोग नाही. तुझ्या तिसऱ्या फेकीचं काय झालं ते या बेटावर आज कुणाला माहीत नाही.

आता गावात काय चाललंय ते ऐक. अर्धे म्हणतात, पाय मोडला. अर्धे म्हणतात, पळाली. "आईनं बाहेर मोटार चालू ठेवली असेल, पोरगी भाला टाकून बसली आत." दुकानात सरळ माझ्या तोंडावर म्हणतात. मी म्हटलं, इसीला पळायचंच असतं तर तीन फेका टाकून पळाली असती, फुकट घालवायची सवय नाही तिला. हसले सगळे, पण मला तुझ्याकडून ऐकायचंय. दुखापत असेल तर कळव. आणि तिकडेच राहायचं ठरवलं असेल, तर तेही कळव. मी माणसं खाणारा नाही.

त्या जुन्या पत्राचं म्हणशील, तर पत्रं पुष्कळ यायची. कुठलं कुठलं लक्षात ठेवणार माणूस.

होडीचं काम व्यवस्थित चाललंय.

मामा

*

टोरांटो
२६ ऑगस्ट

प्रिय मामा,

पाय शाबूत आहेत. मोटार नव्हती. मी पळाले हे मात्र खरं आहे, शंभर मीटर. आता सगळं सांगते, दुकानात वाचून दाखव.

७ तारखेला सराव करताना रोझलिनच्या मांडीचा स्नायू फाटला. ती रिलेतली चौथी. चार पोरी नसतील तर रिलेच नाही. बाकी तिघी त्या रिलेसाठी दोन वर्षं पहाटे उठत होत्या. संध्याकाळी त्यांतली मर्लिन माझ्या खोलीत आली.

"तू पळतेस की नाही?"

"भाला घेऊन तीस पावलं पळते."

"मग भाला न घेता शंभर मीटर पळ. हलकं वाटेल."

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. वेळापत्रक बघितलं, तर भाल्याची पात्रता साडेपाचला आणि रिलेची फेरी सहाला पाच कमी असताना. त्याच मैदानात, त्याच संध्याकाळी. मी प्रेस्कॉड सरांकडे गेले. ते म्हणाले, "काय कर हे मी सांगणार नाही. तू सहा वर्षं भाला फेकतेयस. हो म्हणालीस तरी मी तुझ्या बाजूनं, नाही म्हणालीस तरी."

मामा, मी आधी नाही म्हटलं. खरं तेच सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीला गेले, तर चौघी टेबलावर पाव खात होत्या. कुणी माझ्याकडे रागानं बघितलं नाही. रोझलिननं तर मला साखर पुढे केली. तेच मला सहन झालं नाही. म्हटलं, रिलेची दांडी हातात कशी घ्यायची ते दाखवा.

भाल्याच्या मैदानावर एक पांढऱ्या टोपीतल्या बाई पंच होत्या. त्यांना सांगितलं, मला मध्ये रिलेला जायचंय. त्या म्हणाल्या, जा, पण तुझी पाळी आली आणि तू नसलीस तर ती फेक गेली. पहिली फेक मी घड्याळाकडे बघत फेकली. भाला आडवा पडला, टोक टेकलंच नाही. बाद. मग बूट बदलले आणि मैदान ओलांडून धावले. तुमच्या रेडिओवाल्याला मी दिसले नाही, कारण मी त्याच्या नाकासमोर दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या टप्प्यावर हात मागे करून उभी होते.

दांडी माझ्या हातात आली तेव्हा निसटतच होती. बोटांच्या टोकांवर धरली आणि तशीच घेऊन पळाले. आम्ही सातव्या आलो, सात संघांमध्ये. पण मामा, आपल्या देशाच्या बायकांनी असल्या खेळांत रिले कधी पळलीच नव्हती. वहीत आकडाच नव्हता. आता आहे. मर्लिन तो आकडा मनगटावर पेनानं लिहून हिंडत होती.

परत आले तेव्हा दुसरी फेक गेलेली होती. श्वास लागला होता. पांढऱ्या टोपीवाल्या बाईंनी विचारलं, "बसायचंय का जरा?" मी म्हटलं, बसले तर उठणार नाही. मान वाकडी केली नाही. शेहेचाळीस मीटर ब्याऐंशी! मी आयुष्यात इतका लांब कधीच टाकला नव्हता. शेवटची जी मुलगी अंतिम फेरीत गेली, तिचा माझ्यापेक्षा अठ्ठेचाळीस सेंटीमीटर पुढे होता. बस, हातभर.

लोक सांगतायत, केवढं मोठं मन, केवढा त्याग. मला तसं काही वाटत नाही. मला एवढंच वाटतं की ती दुसरी फेक किती गेली असती हे मला कधीच कळणार नाही. दिवसातून दहा वेळा मी ती मनात फेकते.

संघ घरी निघाला आणि मी काही आठवड्यांसाठी आईबरोबर टोरांटोला आले. सरांना सांगून आले, तेव्हा पळाली म्हणणाऱ्यांना तेही सांग.

आता हा पुढचा भाग दुकानात वाचू नकोस.

मी पुन्हा पुन्हा विचारलं, तेव्हा आईनं कपाटातून एक पत्र काढलं. तुझं. तुझ्या हातचं अक्षर, तेरा वर्षांपूर्वीचं. "इसीला विचारलं. ती यायला तयार नाही. म्हणते, मामाजवळच राहीन." आईनं त्यानंतर पुन्हा कधी विचारलं नाही. तिला वाटलं, मुलीला आपण नकोसे झालो.

मामा, मला कुणी विचारलं होतं?

आई आता म्हणतेय, राहा. तिच्या घराजवळ एक कॉलेज आहे. तिथल्या प्रशिक्षक बाईंनी मला मैदानावर पाहिलं होतं, त्या जानेवारीपासून घ्यायला तयार आहेत. मी अजून हो किंवा नाही काहीच म्हटलेलं नाही. आधी तुझं उत्तर हवंय.

आणि चष्मा अजून सापडला नाही का? युनीस बाई रोज येतात का आपल्याकडे? काय भानगड आहे?

इसी

*

पॅजेट फार्म, बेक्वे
७ सप्टेंबर

इसी,

मर्लिन येऊन गेली. मनगटावरचा आकडा दाखवून गेली, पुसट झाला की पुन्हा पेनानं गिरवते म्हणे. रिलेचा भाग दुकानात वाचला. टायरेलनं त्या दिवशी सगळ्यांना फुकट पाजलं आणि पळाली म्हणणाऱ्यांना सगळ्यांत शेवटी. पुढचा भाग वाचला नाही.

नाही विचारलं तुला.

बाई, थांबू नका, लिहा. नाही विचारलं. तुला तिकडे पाठव असं डेल्फियाचं पत्र आलं, त्या दिवशी मी ते खिशात घालून तुझ्याकडे आलो होतो, विचारायलाच. तू फळ्यांच्या ढिगावर बसून आंबा खात होतीस, कोपरापर्यंत रस. मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "मामा, उद्या मला वल्हवायला शिकव." मी म्हटलं, बरं. आणि घरी जाऊन डेल्फियाला ते लिहिलं. तू नाही म्हणशील असं वाटलं म्हणून नव्हे. तू हो म्हणशील याची भीती वाटली.

पुढे दर वर्षी वाटायचं, आता सांगावं. जितकी वर्षं गेली तितकं जड होत गेलं. डेल्फियाला पत्र लिहायचं थांबवलं, कारण लिहायला बसलो की तेच आठवायचं. तिला वाटलं असेल, भाऊ रागावलाय. भाऊ लाजलेला होता.

आता विचारतोय, तेरा वर्षं उशिरा. राहायचंय का तुला तिकडे? नीट विचार करून सांग. माझ्याकडे बघू नकोस. मी ठणठणीत आहे, होडीचं काम जोरात चाललंय, मला कुणाची गरज नाही.

युनीस बाईंची भानगड काही नाही. चांगल्या बाई आहेत. अक्षर चांगलं आहे. बास, एवढंच लिहा.

मामा

इसिल्मा, तुझे मामा हे न वाचता पाकीट बंद करायला सांगून बाहेर गेलेत, म्हणून लिहिते. मी शाळेत खोटं शिकवत नाही आणि दुसऱ्याचं खोटं लिहूनही देत नाही. चष्मा त्यांच्या नाकावर आहे. ३१ जुलैला होडीच्या कण्याखालचा टेकू सरकला आणि उजवा हात खाली सापडला. दोन बोटं गेली, तिसरं वळत नाही. किंग्जटाउनच्या इस्पितळात आठ दिवस होते. तिथून हट्टानं ८ तारखेला परत आले, दुसऱ्या दिवशी रेडिओ ऐकायचा म्हणून. होडी आहे तशीच उभी आहे. तुला कळवू नका असं त्यांनी मला शपथ घालून सांगितलं होतं. या वेळी पोरीला मोकळं राहू दे, म्हणाले. तुला मोकळं राहायचं असेल, तर सगळं माहीत असायला हवं असं माझं मत आहे. मी रोज येते. कधी लिहायचं नसलं तरी येते. — युनीस सिमन्स

*

टोरांटो
२० सप्टेंबर

मामा,

युनीस बाईंवर ओरडू नकोस. ओरडलास तर मला कळेल, त्याच मला लिहून कळवतील.

पत्र वाचलं आणि आधी बॅग भरली. अर्धी भरल्यावर आई दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "तू गेलीस तर त्याची बोटं परत येणार आहेत का?" मला राग आला तिचा. म्हटलं, तुला काय, तू तर सतरा वर्षं गेलीच नाहीस. ती पलंगावर बसली आणि माझे कपडे एकेक करून घडी घालायला लागली. बॅगेत घालत होती की बाहेर काढत होती ते बराच वेळ मला कळेना. तिलाही कळत नसावं.

रागवायचं म्हटलं तर तुझ्यावर खूप रागावता येईल. चार दिवस रागावून बघितलं. मनातल्या मनात तुला लांबच्या लांब पत्रं लिहिली. पण नऊ वर्षांची मी काय म्हटलं असतं, याचा विचार करायला लागले की मला उत्तर सापडत नाही. आईकडे जायचं म्हणून नाचले असते कदाचित, किंवा वल्हं सोडवत नाही म्हणून रडले असते. तू ते कळायची सोय ठेवली नाहीस, एवढीच माझी तक्रार आहे. ती राहील. तुझ्याशी बोलणं मात्र सोडणार नाही.

आता तू विचारलंयस, म्हणून उत्तर देते. जानेवारीपासून मी कॉलेजात राहणार. आईसाठी नाही आणि तुझ्यावर रागावून तर नाहीच. मला बघायचंय मी किती लांब टाकू शकते. तेवढं कळल्याशिवाय मला कुठेच स्वस्थ बसवणार नाही. दोन वर्षं. त्यानंतरचं त्यानंतर सांगेन. भाला फेकेन तो आपल्याच झेंड्याखाली, हे मी प्रशिक्षक बाईंना आधीच सांगून ठेवलंय. त्या म्हणाल्या, तुमचा देश नकाशात दाखव. दाखवला. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं.

त्याआधी नाताळात मी घरी येतेय. होडीच्या बरगड्या आपण बसवू. तू बोट दाखवशील तिथे मी ठोकीन. उरलेलं एखादं बोट दाखव. हा विनोद फार वाईट आहे, पण तू हसशील हे मला माहीत आहे.

आईला बरोबर यायचंय. मला म्हणते, "एल्फर्डला विचार, मी आले तर चालेल का." मी म्हटलं, मी विचारणार नाही. तुमच्या दोघांमध्ये मी पुष्कळ वर्षं न विचारता उभी होते. तूच तिला लिही. बाईंकडून लिहून घेऊ नकोस, कितीही वेळ लागला तरी चालेल. आणि पत्रावर तिचं नाव घाल, माझं नको.

इसी

*

पॅजेट फार्म, बेक्वे
४ ऑक्टोबर

डेल्फिया,

डावा हात आहे. थोडंच लिहितो.

मी तुला खोटं लिहिलं होतं. पोरीनं सांगितलंच असेल. समोर आलीस की माफ कर म्हणेन, असं लिहिणार होतो. पण तो हट्ट झाला. इथेच म्हणतो, माफ कर.

चालेल का म्हणून काय विचारतेस. घर तुझंही आहे. पुढची खोली रंगवायला घेतलीय. रंग निळा, बाईंनी निवडला. आवडला नाही तर त्यांना सांग, मला नको.

बोट दुपारी दोनला लागते. मी धक्क्यावर असेन.

एल्फर्ड